अप सरांची हजेरी

कैलासनं शाळा सोडली, असं मी आजवर सांगत आलो. त्यानं शाळा सोडली नव्हती. त्याचं नाव शाळेतून गेलं ते माझ्यामुळे. एका सकाळी कोणी विचारलेलं नसताना मी वर्गात उभा राहिलो, म्हणून गेलं. हे कबूल करायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तेही आपणहून सुचलं नाही. परीक्षेच्या कामावर जवळा बाजारला जावं लागलं, तेव्हा सुचलं.

मी हिंगोलीत एका हायस्कूलवर इंग्रजी शिकवतो. यंदा फाल्गुनात पर्यवेक्षणाची पाळी लागली ती नेमकी माझ्याच जुन्या शाळेत. एसटीतून उतरलो आणि कोणी ओळखीचं भेटायच्या आधी हळद शिजल्याचा वास भेटला. ओल्या मातीचा, वाफेचा, किंचित कडवट. आमच्या लहानपणी रानात चुलाण खोदून मोठ्या कढया चढवत. पाचट जाळून हळद शिजवत आणि धूर गावावर बसून राही. आता लोखंडी कुकर आलेत, ट्रॅक्टरच्या मागं या शेतातून त्या शेतात फिरतात. वास मात्र तोच आहे. तो नाकात शिरला की माझे पाय अनवाणी होतात.

शाळेला नवी इमारत झाली आहे. आमची सातवीची पत्र्याची खोली अजून मागं उभी आहे; तिच्यात मोडकी बाकं टाकली आहेत. पेपर सुरू व्हायला वेळ होता, म्हणून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. शेजारच्या वर्गात हजेरी चालू होती. "प्रेझेंट सर, प्रेझेंट सर," असं एकामागून एक, शेंगा फोडल्यासारखं.

आमच्या वर्गात कोणी प्रेझेंट म्हणत नसे.

आमचे इंग्रजीचे सर हट्टा गावचे. घरची हळद होती, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कायम पिवळट. बाजारात एका दुकानामागं खोली घेऊन राहायचे आणि सायकलवरून सगळीकडं हिंडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एवढासा शब्द लिहिला, अप, आणि म्हणाले, "या वर्षी आपण एवढाच शिकायचा." गावात हसू झालं. "मास्तर वरीसभर 'वर' शिकवून राहिला," असं लोक पारावर म्हणत. सरांचं नावच अप सर पडलं. आमच्याकडं दख्खनी बोलणारी माणसं ऑफिसराला अपसर म्हणतात, त्यामुळे त्याची आणखी मजा. खरे अपसर जीपमधून वर्षाकाठी एकदा येत. आमचे रोज सायकलवरून येत.

सर सांगायचे, अप म्हणजे वर, एवढंच जो शिकला तो दारातच उभा राहिला. घराला दारं बरीच आहेत. स्टँड अपमधला अप वर नेतो. कम अपमधला माणसाला जवळ आणतो. ड्राय अपमधला काम पुरतं करून सोडतो, काही बाकी ठेवत नाही. गॅदर अपमधला पांगलेलं एका जागी आणतो. "कोण्या दारानं आला ते बघा, मंग अर्थ सांगा," असं म्हणून ते आम्हाला बाहेर काढत. वर्गात बसून त्यांना शिकवताच येत नसे.

भाद्रपदात उघडीप मिळाली की वऱ्हांड्याच्या फरशीवर साचलेल्या पाण्याभोवती खडूनं रेघ ओढायचे. आम्ही डबक्याभोवती उकिडवे बसायचो. ऊन वाढे, पाणी रेघ सोडून आत सरके, ओल्या फरशीचा वास सुटे. मधेच कोणी ओरडे, "झालं सर, ड्राय!" सर म्हणत, "ड्राय झालं असंल. अप व्हायचंय अजून." फरशीच्या भेगेतला शेवटचा काळसर ओलावा गेला की तेच टाळी वाजवत. त्या भेगेकडं आम्ही जितक्या आशेनं बघत असू तितक्या आशेनं मी पुढं कशाकडं बघितलं असेन असं वाटत नाही.

बाजाराच्या दिवशी ते शेंगा आणत. ईट म्हणजे खा. ईट अप म्हणजे टरफलात दाणा राहता कामा नये. आम्ही मग शेजाऱ्याची टरफलंही उचकून बघत असू. शेवंता नावाची एक मुलगी होती, तिचा आवाज तिलाच ऐकू येत नसे. सरांनी तिला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला लिंबाखाली गेले आणि तिथून ओरडत राहिले, "स्पीक अप, शेवंता! मला काहून ऐकू येऊन नाही राहिलं?" ती रडकुंडीला आली, मग चिडली, आणि एकदम अशी ओरडली की लिंबावरचे कावळे उडाले. सरांनी उपरण्यानं डोळे पुसले. हसून पुसले की कशानं, ते इतक्या लांबून दिसलं नाही.

गिव्ह अप तेवढा त्यांनी शिकवला नाही. "तो ज्याच्या त्याला आपोआप येतो," म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांनी हजेरीची रीत बदलली. प्रत्येकाला त्याच्या घरच्या कामातला एक शब्द दिला. हजेरीत नाव आलं की तोच म्हणायचा. शेवंता अंगण झाडायची, तिला स्वीप अप. किराणा दुकानवाल्याचा मुलगा पुड्या बांधायचा, त्याला रॅप अप. एकजण बैलांना कडबा तोडून द्यायचा, तो चॉप अप. एक आळशी पोरगं होतं, घरी इकडची काडी तिकडं करत नसे; त्याला सर म्हणाले, "तुला गेट अप. एवढं केलं तरी तुझी आई पेढे वाटंल." माझे वडील बाजार समितीत कारकून. घरात माझं काम एकच, हापशावरून पाणी आणून रांजण भरायचा. मी फिल अप झालो.

आणि कैलास राउंड अप.

कैलास माझ्या शेजारी, तरटाच्या एकाच पट्टीवर बसायचा. त्याचं घर मेंढरं राखणारं. तो आला की आधी घोंगडीचा, शेणकुटाच्या धुराचा आणि दुधाचा वास यायचा, मग तो. खिशात बोरं असायची, मेंढरांच्या लेंड्या लागलेली. तो ती सदऱ्याला पुसून मला द्यायचा आणि मी खायचो. इंग्रजीत तो माझ्यापुढं होता. शब्द त्याच्या तोंडात बसत, पाळीव कुत्रं हाकेसरशी पायाशी येऊन बसावं तसे.

राउंड अपचा अर्थ सांगायचा म्हणून सरांनी सगळ्या वर्गाला मैदानात सोडलं. म्हणाले, "तुमी मेंढरं. पांगा." आम्ही ओरडत पांगलो. कोणी लिंबाकडं, कोणी हापशाकडं. मी कुंपणाच्या शेराच्या झुडपांकडं जाऊन बें बें करत होतो. कैलासच्या हातात काठीसुद्धा नव्हती. त्यानं जीभ टाळूला लावून कसलासा आवाज काढला, टर्रर्र आणि चक्कच्या मधला, आणि तो कडेकडेनं चालायला लागला. धावला नाही. काय झालं कोण जाणे, आम्ही आपोआप आत सरकत गेलो. चिडीचूप, एकमेकांना चिकटून, मधोमध उभे. सरांनी तोंडावर उपरणं धरलं होतं. "दिसला का अप?" ते विचारत होते. "दिसला का?"

दिसला होता. आजही शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर तेच मैदान येतं.

थंडी पडली, ज्वारी निघाली, तशी कैलासच्या घरची मेंढरं गाव सोडून निघाली. आमच्या भागात रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरांना बोलावून शेतात बसवतात, लेंडीखतासाठी. आज या रानात, चार दिवसांनी त्या. कैलासला जावंच लागायचं. त्याची जागा रिकामी पडली त्या दिवशी सरांनी त्याचं नाव घेतलं आणि थांबले. मग माझ्याकडं बघितलं.

"काय करून राहिला असंल तो आत्ता?"

"मेंढरं राखून राहिला असंल, सर."

"इंग्रजीत सांग."

"राउंड अप, सर."

"मंग हजरच की," असं म्हणून ते पुढच्या नावाकडं गेले.

त्या दिवसापासून कैलासच्या नावाला मी बोलू लागलो. ही फसवणूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. शाळा सुटली की सर सायकल काढत आणि मेंढरं जिथं बसली असतील तिथं जात. कधी मला मागं बसवून नेत. वाटेत तुरीच्या शेंगांचा हिरवा वास, मावळतीची धूळ, आणि लांबून घुंगरांचा किणकिणाट. कैलास मांडीवर कोकरू घेऊन वाचायचा. कोकरू पुस्तक चावायचं. त्याचे वडील बकरीच्या दुधाचा चहा देत आणि दर वेळी तेच विचारत, "मास्तर, एवढी तकलीफ काहून घेता?" सर म्हणत, "तकलीफ कशाची? मी माझी हाजरी लावायला येतो." परतताना अंधारून येई. सर सायकल हातात धरून चालत आणि म्हणत, "हे पोरगं मास्तर होईल बघ." मी त्यांच्या मागून चालत असे. हे वाक्य मला कधी आवडलं नाही.

मग तपासणी आली. खोल्यांना चुना दिला गेला. त्याचा तो नाकात झोंबणारा, सणाचा वाटणारा वास. जीप आली. साहेब आमच्या वर्गात खुर्चीवर बसले. सरांनी रोजच्यासारखीच हजेरी घेतली. स्वीप अप, सर. रॅप अप, सर. साहेब गंमत वाटून हसत होते. कैलासचं नाव आलं. मी रोजच्यासारखं राउंड अप म्हणालो. साहेबांना काही कळलं नाही. सर पुढच्या नावावर गेले. सगळं पार पडलं होतं.

आणि मी उभा राहिलो.

"साहेब, कैलास आलेला नाही. तो लई दिवस झाले येत नाही. मी त्याच्या जागी बोलतो."

भीतीनं बोललो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. भीती वाटायला मला कोणी काही विचारलंच नव्हतं. साहेबांचं हसणं सगळ्यांवरून फिरत होतं. ते माझ्यावर थांबावं असं मला वाटलं. साहेबांनी विचारलं, "असं बोलायला तुला कोणी सांगितलं?" मी तोंड उघडलं नाही. नुसतं सरांकडं बघितलं. तेवढं पुरलं.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "खरं बोलणारं पोरगं आहे."

सर माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "बस, बाळ."

सरांची बदली झाली, लांब, सेनगावकडं साखऱ्याला. कैलासचं नाव कमी झालं. पाडव्याच्या आसपास मेंढरं परत आली, तेव्हा तो धुतलेला सदरा घालून शाळेत आला होता. नव्या मास्तरांनी हजेरी घेतली, त्याचं नाव आलंच नाही. मधल्या सुट्टीत त्यानं मला लिंबाखाली गाठलं. "माझं नाव काहून न्हाई घेतलं रे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? जाता जाता सरांनीच काढलं असंल."

त्यानं खिशातली बोरं काढून माझ्या हातात ठेवली आणि तो निघून गेला. पुढं कोणी विचारलं की मी सांगायचो, त्याला शाळा नको होती, त्यानं सोडली. सांगून सांगून ते गावात खरं झालं.

मी मास्तर झालो. माझ्या वर्गातही अप येतो. ओन अप शिकवायची वेळ आली, म्हणजे कबुली देणं, की फळ्यावर मी दुसऱ्याच कोणाचं तरी उदाहरण लिहितो. सर एकदा हिंगोलीच्या बसस्थानकावर दिसले होते, थकलेले, हातात कापडी पिशवी. "पोरांना मैदानात नेतो का रे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तेही खोटं होतं. मग त्यांची गाडी लागली. सर आता नाहीत.

परवा पेपर संपल्यावर मी परतीच्या एसटीकडं गेलो नाही. पानटपरीवर विचारलं, कैलासची मेंढरं सध्या कुठं बसलीत? हट्ट्याच्या रस्त्याला, हरभरा काढलेल्या रानात, असं कळलं. चालत गेलो. लांबून घुंगरं ऐकू आली आणि वाटलं, मागं फिरावं.

तो मेंढरांना जंताचं औषध पाजत होता. केस पांढरे, खांदे तेच. माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघून म्हणाला, "खतासाठी आले का साहेब? आमी पुनवेपर्यंत मोकळे न्हाई."

"कैलास, मी..."

त्यानं डोळे बारीक केले. "अरं! कारकुनाचं पोरगं न तू? मायला, पोट सुटलं की तुझं!" आणि लगेच, जणू आम्ही कालच भेटलो होतो, "बरं झालं आला. धर हिला. मान वर धर. गुडघ्यात धर, लेका, पोरीला लाजतो का काय!"

पोरगी खरंच तिथं होती. त्याची मुलगी रेणुका. बारावीला आहे, एसटीनं कॉलेजला जाते. बाजेवर पुस्तक उघडं होतं आणि तिच्या हातात मोबाइल होता.

"ए बाई, मोबाइल ठेव. परीक्षा आहे," कैलास म्हणाला.

"बघा काका," ती मला म्हणाली, "दिवसभर अभ्यास कर, अभ्यास कर. आन् स्वतः शाळेतून पळालेले."

"पळालो न्हाई ग. सरांनी नाव काढलं."

"एकच की ते!"

कैलास हसला. औषधाची बाटली मेंढीच्या तोंडाच्या कडेला लावत म्हणाला, "कटाळले असतील सर. किती लांबून यायचे सायकलीवर. माणूस किती दिवस येईल? मी बी विचार केला, आपल्यातच काही कमी असंल. सोडून दिलं मंग. आता इंग्रजीचा एक शब्द येत न्हाई मला."

हे त्यानं कडवटपणे म्हटलं नाही. पावसाबद्दल बोलावं तसं म्हटलं. माझ्या गुडघ्यात मेंढी धडपडत होती, तिची ऊब शर्टातून पोटाला लागत होती. मला वाटत होतं की मी त्याची नुसती शाळा घालवली. मी त्याचे सरसुद्धा घालवले होते.

मेंढी अर्धं औषध ओकून माझ्या हातून सुटली.

"अरं धर धर! काय मास्तर हाय का कोण!"

"कैलास, सरांनी नाव काढलं नाही. मी काढायला लावलं."

तो मेंढीमागं धावायला निघाला होता, तो थांबला. मी सांगायला लागलो. जीप, साहेब, शाब्बास, सगळं. लिंबाखालचंही. त्यानं बाटलीला बूच लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. कळपाच्या कडेला एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं. त्याकडं बघत राहिला.

"सर येणारच होते न मंग?" शेवटी त्यानं विचारलं. "बदली झाली म्हणून थांबले. एरवी आले असते?"

"आले असते."

त्यानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग हाक मारली, "रेणुके, मोबाइल ठेव आन् इकडं ये."

ती आली. त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मुकाट्यानं आली.

"म्हण," तो मला म्हणाला. "तिला सांग. पहिल्यापासून सांग. आन् सरांचं आधी सांग."

माझ्या हाताला औषधाचा आणि लोकरीचा वास येत होता. वर्गात रोज बोलणारा माझा आवाज बारीक झाला होता.

"बाई," मी म्हणालो, "सरांनी तुझ्या बाबाचं नाव काढलं नाही. तो मेंढरांमागं असला की ते सायकल घेऊन रानात यायचे, त्याला शिकवायला. हा मास्तर होईल असं म्हणायचे. तुझा बाबा वर्गात सगळ्यात हुशार होता आणि तो पळाला नाही. साहेब आले तेव्हा शाबासकी मिळावी म्हणून मी उठलो आणि सांगितलं. त्यात त्याची शाळा गेली. मग सरांनीच काढलं असंल, हे खोटंही मीच त्याला सांगितलं, आणि गावाला सांगितलं की यानं शाळा सोडली."

मग मी त्याच्याकडं वळलो.

"कैलास, तू काहीच चुकला नव्हतास. मी चुकलो. मला माफ कर."